सहा जणांचं पिरिडिन

आमच्या सरांना कुठलीही गोष्ट तोंडात घालण्याआधी नाकाला दाखवायची सवय होती. चहा, वडापाव, चिकू, पंधरा ऑगस्टचा पेढा, सगळं आधी नाकाखालून जायचं. पेढा देणारे प्राचार्य हातात ताट घेऊन ताटकळत उभे राहायचे आणि सर डोळे मिटून वास घेत असायचे. मग म्हणायचे, "वेलदोडा जुना आहे साहेब." प्राचार्यांचा चेहरा पडायचा. सर तोवर पेढा खाऊन दुसऱ्याला हात घालायचे.

डहाणूच्या आमच्या कॉलेजात ते बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवत. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशाला ॲसिडने पडलेलं भोक, आणि त्या भोकातून पेन पडू नये म्हणून आतून लावलेली सेफ्टी पिन. दरवर्षी शर्ट नवा असायचा, भोक तेच. राहायला कोसबाडला होते. येताना स्कूटरवर पायाशी चिकूंची पिशवी. घरी गुजराती, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्हींची भेळ. मुलींना ते 'बेन' म्हणत, मुलांना 'शेठ'. आमच्यातल्या एकाही शेठच्या खिशात बसभाड्यापलीकडे काही नसायचं, पण सर हाक मारायचे ती मनापासून.

त्यांचा जीव होता एका धड्यावर. मराठी परिभाषेत त्याला 'विषमचक्रीय संयुगे' म्हणतात. इंग्रजी नाव त्याहून बरं नाही. आम्ही दोन्ही नावांना घाबरून होतो. सर पहिल्याच दिवशी वर्गात आले, फळ्यावर एक षट्कोन काढला आणि म्हणाले, "लग्न झालेल्या बहिणी कोणाकोणाला आहेत?"

दोन हात वर झाले.

"कोणाचे भावजी घरजावई आहेत काय?"

वर झालेला एक हात खाली गेला. सर खूश झाले. "हा धडा घरजावयांचा आहे. बेन्झीन म्हणजे काय? सहा कार्बनचं कडं. सगळे भाऊ, एकमेकांचे हात धरून बसलेले. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. कंटाळवाणं घर! पाण्याशी बोलत नाही, ॲसिडशी सोयरीक नाही. आता यातला एक भाऊ उचला आणि त्याच्या जागी नायट्रोजन बसवा. घर तेच, पण स्वभाव बदलला ने? आता पाण्यात मिसळतं, ॲसिडला जवळ करतं. आणि वास तर असा सुटतो, की शेजारी विचारायला येतात. याचं नाव पिरिडिन."

शेजारी खरोखरच विचारायला आले. पुढच्या आठवड्यात सरांनी प्रयोगशाळेत पिरिडिनची बाटली जरा उघडली, लांबून हाताने वारा घेत आम्हाला वास घ्यायला लावला आणि लगेच बंद केली. मी समुद्रकाठच्या नरपडची. आमच्या दारात वर्षातले कितीतरी महिने बोंबील वाळत असतात. बाकीच्यांनी नाकं मुरडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, भूक लागली." तेवढ्यात ऑफिसातला शिपाई तणतणत आला. प्राचार्यांच्या केबिनपर्यंत सुक्या मासळीचा वास जातोय, कोणी डबा उघडलाय, असा त्याचा आरोप होता. त्याने सगळ्यांच्या बॅगा पाहिल्या. माझ्या बॅगेत योगायोगाने त्या दिवशी खरोखर सुकटीची चटणी होती. सरांनी माझी बाजू घ्यावी की नाही? तर त्यांनी चटणीचा डबा नाकाशी नेला आणि शिपायाला शांतपणे सांगितलं, "हा वास वेगळा आहे शेठ. यात कडं नाही." मग चटणी अर्धी संपवली.

कोसबाडला त्यांच्या घरी आम्ही एकदा गेलो होतो. तिथे काकूंनी लग्नाची गोष्ट सांगितली. हार घालायच्या वेळी नवरदेवाने हार हातात घेतला आणि वास घेत उभाच राहिला. भटजी थांबले, वाजंत्री थांबली. काकूंना वाटलं, किती रसिक नवरा मिळाला. मग नवरदेव हळूच त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "मोगऱ्यात इंडोल असतं. थोडं असलं की सुगंध. फार झालं की संडास."

"मी तेव्हाच परत जायला हवं होतं," काकू म्हणाल्या.

"पण गेली नाही ने!" सर म्हणाले आणि चिकू कापायला लागले.

त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, पिरिडिन आणि पायरोल. दोन्ही कड्यांत नायट्रोजन असतो, दोन्हींत त्याच्याकडे इलेक्ट्रॉनची एक जास्तीची जोडी असते. पिरिडिनमधला नायट्रोजन ती जोडी घराबाहेरच्या अंगाला ठेवतो, येईल त्याला देऊ करतो. पायरोलमधला ती घरातच घालून टाकतो. घर पक्कं होतं, पण दारात आलेल्याला द्यायला काही उरत नाही. लायब्ररीतल्या मॅडम पायरोल होत्या. एसटी स्टँडवरचा चहावाला पिरिडिन. प्राचार्यांबद्दल विचारलं तर सर म्हणाले, "ते अजून बेन्झीन आहेत." चांगलं कोण, वाईट कोण, असं ते कधी सांगत नसत. दोन्ही लागतात, म्हणत. हिमोग्लोबिनमध्ये पायरोलच्या जातीची चार कडी एकत्र नांदतात, म्हणून आपण श्वास घेतो.

चारोटीच्या नाक्यावर एका हॉटेलात आम्ही सहलीहून येताना थांबलो होतो. सरांनी चहाचा ग्लास टेबलावर ठेवला, उचलला. खाली ओलं वर्तुळ उमटलं. झालं! त्याला लागून दुसरं वर्तुळ उमटवलं, बोटाने चार नायट्रोजन टाकले आणि आम्हाला कॅफिन शिकवायला लागले. पोऱ्या फडकं घेऊन आला तर त्याचा हात धरला. "थांब शेठ, अजून मिथाइल लावायचे आहेत." मागे गिऱ्हाईकं जागेसाठी उभी होती. मालक गल्ल्यावरून ओरडला. सर शेवटचं मिथाइल लावून मगच उठले, आणि पोऱ्यानेही पुसायच्या आधी टेबलाकडे एकदा नीट बघून घेतलं, न जाणो काही राहिलं असेल.

शेवटच्या वर्षाला आम्ही केमिस्ट्रीचे सहाच जण होतो. बाकीच्या प्राध्यापकांना ते अवघड वाटायचं, सरांना ती देवाची योजना वाटली. "सहा! आख्खं पिरिडिन!" त्यांनी आम्हाला मैदानात नेलं आणि हात धरून गोल उभं केलं. नायट्रोजन व्हायला कोणी तयार होईना. तेव्हा जयवंती पुढे झाली.

जयवंती तलासरीच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरची. घरची थोडी भाताची आणि नाचणीची शेती, वडील ताडी काढायचे. वर्गात फार बोलायची नाही, पण बोलली की सर फळ्याकडे पाठ करून तिच्याकडे वळायचे. सरांनी तिच्या ओढणीच्या टोकाला दोन चिकू बांधले आणि ते टोक पाठीवर सोडलं. ती इलेक्ट्रॉनची जोडी. तिथून पुढे नायट्रोजन तीच. एकदा तिने विचारलं, "सर, या घरजावयाला परत जावासा वाटत नाय काय?" सर इतके आनंदले, की तास तिथेच सोडून दिला. "याचं उत्तर सगळ्यांनी उद्या आणा," म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्वतःच विसरले.

दिवाळीनंतर जयवंती यायची बंद झाली. आम्ही पाच जण मैदानात उभे राहिलो. सरांनी आमच्याकडे पाहिलं, "चालो, आज पायरोल करू," म्हणाले. पाचांचं कडंही असतं, त्यामुळे धडा अडला नाही. पण मध्येच कोणाला तरी नायट्रोजन करायची वेळ आली आणि सर चिकू हातात घेऊन नुसते उभे राहिले. मग मला म्हणाले, "बेन, तिचं घर तुला माहीत आहे ने?"

स्कूटरवर मागे बसून मी वाट दाखवत गेले. जयवंतीचे वडील ओट्यावर पाय पसरून बसले होते. ताडावरून पडून पाय मोडला होता. धाकटी भावंडं अंगणात. जयवंती कामावर गेली होती. गुजरातच्या सीमेपलीकडच्या एका औषधांच्या कंपनीत, कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली, पॅकिंगला. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या. पहाटे नाक्यावर कंपनीची बस यायची, ती दुपारी परत आणून सोडायची.

"तू मास्तर ना?" वडील म्हणाले. "बस. पोरगी लय सांगं तुजा. वास घेतं म्हणून."

सर ओट्यावर टेकले. आता हे शिक्षणाचं महत्त्व सांगणार, अशी मला भीती होती. तेवढ्यात आत जयवंतीच्या आईने तव्यावर नाचणीची भाकरी टाकली. सरांचं नाक वर झालं.

"हा वास आला?" ते वडिलांना म्हणाले. "भाकरी भाजल्याचा. यात एक कडं आहे. दोन नायट्रोजन, समोरासमोर बसलेले. पायराझिन. कच्च्या पिठात ते नाही. तवा तापला की तयार होतं."

वडील हसले. "मंग भाकर खाया आलास काय तू?"

"भाकरी खायला आलो आणि एक गोष्ट मागायला. तुमच्या पोरीला यातलं माझ्या बाकीच्या पाचांपेक्षा जास्त समजतं." मी, त्या पाचांपैकीच एक, शेजारी बसले होते, पण सरांना त्याचं काही नव्हतं. "तिचं हे वर्ष बुडू देऊ नका."

वडिलांचं हसू गेलं. "बुडवाया कोनाला वाटतं, मास्तर? पाय मोडला, माजा काम बंद झाला. पोरीनं काम सोडला तर आमी खावा काय?"

सरांनी भाकरी खाल्ली, मिरची लागली म्हणून पाणी प्यायले आणि म्हणाले, "काम सोडू नको सांगू तिला. परीक्षाही सोडू नको सांगू. बस तिला नाक्यावर सोडते ने? वर्ग मी नाक्यावर आणतो."

मला वाटलं, बोलून गेले. पण दोन दिवसांनी कॉलेज सुटल्यावर सरांनी त्यांच्या ओळखीच्या बागायतदाराचा चिकूचा टेम्पो उभा केला होता. रिकाम्या क्रेटवर बसून आम्ही पाच जण तलासरीला निघालो. अंगाला सगळा चिकूचा वास. बस आली, जयवंती उतरली, आणि तिच्यासमोर नाक्यावरच्या पत्र्याच्या शेडखाली अख्खी टीवायबीएस्सी केमिस्ट्री उभी. तिने आधी तोंडावर हात धरला, मग हसत सुटली. सरांनी लगेच ओढणी मागितली.

हा प्रकार परीक्षेपर्यंत चालला. आठवड्यातून दोनदा तरी टेम्पो जायचा. प्रॅक्टिकल तिच्या सुट्टीच्या दिवशी. सरांनी प्राचार्यांकडून परवानगी कशी काढली ते मला अजून कळलेलं नाही, पण सव्वीस जानेवारीला सर त्यांच्या पेढ्याला काही बोलले नाहीत एवढं खरं.

नाक्यावरचे लोक पहिले काही दिवस लांबून बघत. आम्ही हात धरून गोल उभे राहायचो, सर मध्ये उभे राहून हातवारे करायचे. एके दिवशी एक म्हातारेबाबा शेजारी येऊन बसले. बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी न राहवून म्हणाले, "नाच लावलाव, पन तारपा कठं हाय?"

"तारपा नाही बाबा," सर म्हणाले. "हे पिरिडिन आहे."

बाबांना ते पटलं नाही. ते उठले, माझा आणि शेजारच्या मुलाचा हात सोडवला. "असा बांधून नाय टाकायचा. एक तोंड मोकला ठेवायचा. पुढचा घेऊन जातं, मागचं येतं." आणि सरांना मधून हलवायला लागले, तारपा वाजवत नाही तर मध्ये कशाला. सर लहान मुलासारखे बाजूला झाले. बाबांनी आम्हाला कमरेला हात घालून एक फेरी फिरवली. जयवंती पुढे, आम्ही पाय चुकवत मागे. शेडमधले सगळे हसत होते. फेरी संपल्यावर सरांनी वहीत टिपून घेतलं, बाबांना चिकू दिले आणि आम्हाला सांगितलं, की कडं उघडण्याच्या अभिक्रिया उद्या घेऊ.

जयवंती त्या शेडमध्ये कधी बसली नाही. आम्ही टेम्पोतून आलेलो, तरी बाकड्यावर जागा धरायला धावायचो. ती आपली नायट्रोजन होऊन उभी. डोळे लाल असायचे, पण विचारलेलं सगळं सांगायची, आणि आम्हाला येत नाही तेही.

तिच्या कामात एक कायदा होता. कॉन्ट्रॅक्टरला रजा वगैरे माहीत नसायची. येणार नसाल तर बदली पाठवा. बदली म्हणजे कोणीही चालेल, घरचं, पाड्यावरचं. लाइनवर माणूस कमी पडता कामा नये. बदली दिली नाही तर दुसऱ्या दिवसापासून काम गेलं. परीक्षेच्या दिवसांत तिची चुलत बहीण तिच्या जागी जात होती. एकेक पेपर पार पडला. शेवटचा ऑरगॅनिकचा राहिला. आदल्या दिवशी दुपारी बहीण तापाने फणफणली.

जयवंतीने पाड्यावर घरोघर विचारलं. लग्नसराई, कोणी रिकामं नव्हतं. शेवटी तिने सरांना फोन केला. ते तिने आम्हाला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "सर, मी उद्या येत नाय. बदली मिळत नाय. काम गेला तर घर चालनार नाय." सर म्हणाले, "तू पेपरला ये. बदली मिळाली." कोण, ते सांगितलं नाही. फक्त कॉन्ट्रॅक्टरचा नंबर घेतला.

पेपरच्या दिवशी सर कॉलेजच्या गेटवर नव्हते. त्यांच्या विषयाच्या पेपरला ते नेहमी गेटवर असायचे, जाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी निरर्थक सल्ला द्यायचे. आम्हाला फार राग आला. आजच्या दिवशी तरी यायला नको? जयवंती आली, तिच्याही चेहऱ्यावर धाकधूक. बदली खरंच गेली की नाही, तिला कळायला मार्ग नव्हता. सरांचा फोन बंद येत होता. तिने मोबाइल बॅगेत टाकला, बॅग बाहेर ठेवली आणि आत गेली. पेपरभर मी अधूनमधून तिच्याकडे बघत होते. ती मान खाली घालून लिहीत होती. पुरवण्या मागत होती.

पेपर संपला. सरांचा फोन बंदच. पण तिच्या मोबाइलवर कॉन्ट्रॅक्टरचा फोन आलेला नव्हता, म्हणजे लाइनवर कोणीतरी होतं. "चला," ती म्हणाली, "बस यायची वेल झाली. बघू तरी कोन उतरतं." आम्ही सहा जण मिळेल त्या गाड्यांत कोंबून बसलो आणि तलासरीच्या नाक्यावर आलो.

बस आली. बायका उतरल्या, दोन-तीन मुलं उतरली. सगळ्यांत शेवटी सर उतरले. डोक्यावर कंपनीची झालरीची प्लास्टिकची टोपी तशीच राहिली होती. दांडी धरून एकेक पायरी जपून उतरत होते.

आमच्यातलं कोणी हसलं नाही. जयवंती पुढे झाली. "सर, बदली तुमी?"

"कॉन्ट्रॅक्टरला माणूस पाहिजे होता बेन. मी माणूस आहे ने?" मग आमच्याकडे वळले. डोळे चमकत होते. "ॲसिडिटीच्या गोळ्या! प्रत्येक गोळीत पिरिडिन आहे, शेजारी अजून एक जोडकडं. इतकी वर्षं मी ते फळ्यावर काढतोय. आज खोकीच्या खोकी हातातून गेली."

मागून एक बाई डबा सांभाळत आली. "जयवंती, उद्या तूच ये गो बाय. या आजोबानी दोनदा लाइन थांबवली. पट्टी घेतली का उलटी करून वाचीत बसतं."

आता मात्र आम्ही हसलो. सरही हसले आणि हसता हसता शेडमधल्या बाकड्यावर धपकन बसले. बूट काढायला वाकले, वाकता येईना. एका मुलाने पुढे होऊन काढले. पाय सुजून टम्म झाले होते. सर बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिले.

"बसायला देतच नाहीत," ते म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "अख्खी पाळी उभं. तू रोज हे करून यायचीस, आणि मी तुला इथे परत उभं करायचो. मला कसं कळलं नाही, बेन?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांना असं खाली मान घालून बसलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. जयवंती त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसली.

"सर," ती म्हणाली, "दिवसभरात तेवढाच उभा राह्याचा मला आवडं."